हिरवी पट्टी आणि काउंटरवरची वही

महोदय,

नातवाच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला परवा सीताबर्डीतल्या एका ऑनलाइन सेंटरवर गेले. तिथल्या मुलाने पासवर्ड टाकला 'नागपूर@१२३', अर्थात इंग्रजी अक्षरांत. पासवर्ड किती पक्का ते दाखवणारी पट्टी लगेच हिरवी, 'स्ट्राँग'! ही पट्टी पुष्कळदा नुसती मोजदाद करते: अक्षरे किती, कॅपिटल आहे का, आकडा आणि चिन्ह आहे का. शहराचे नाव, पुढे १२३, हे चोर आधीच करून पाहतात, ते तिला कुठून कळणार? अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ मध्येच चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीवर भर दिला होता. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी काम होते, आणि लक्षातही राहतात.

पण खरी गंमत पुढेच. तो पासवर्ड त्याने माझ्या नाव-मोबाइलसकट काउंटरवरच्या वहीत उतरवला. "आजी, विसरून जाल नं तुम्ही!" वही चांगली जाडजूड होती. घरी येऊन मी आधी पासवर्ड बदलला.

सेंटरचालकांनी पासवर्डापुरता कीबोर्ड ग्राहकापुढे सरकवावा आणि ती वही फाडून टाकावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर