आरोग्यमंत्री साहेब, लसीच्या दिवशी बाळ मान सावरतंय का तेपण बघायला सांगा

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार, यांस,

साहेब, मी खानापूर तालुक्यातला. आमच्याकडं बाळ उशिरा बसलं की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, त्याचा बापपण असाच उशिरा चाललेला, काय होत नाही. कधी कधी ते खरं असतंय, पण कधी नसतंय आणि ते ओळखायचं कसं हे आईला कोण सांगत नाही.

आमच्या शेजारचं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी दोन्ही हात धरून उठवलं की मान मागं पडायची, मुठी गच्च मिटलेल्या, खुळखुळा दिला तरी धरायचं नाही. जन्मल्यावर लगेच रडलं नव्हतं हे आईच्या लक्षात होतं, पण तिला कोणी विचारलंच नाही. लस मात्र एकपण चुकली नव्हती! म्हणजे तीनदा समोर आलं, मांडीत इंजेक्शन घेतलं आणि घरी गेलं.

माझं सगळं म्हणणं इथंच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची टीम वर्षातनं दोनदा अंगणवाडीतल्या मुलांना तपासायला यायची असते, पण वर्षाच्या आतलं बाळ अंगणवाडीत बसतंय कुठं, त्याचा आहार तर घरी नेतात. लसीला मात्र येतात, दीड, अडीच, साडेतीन महिन्याला, मग नऊ महिन्याला, मग दीड वर्षाच्या आसपास. तेव्हाच बघा की, साडेतीनला मान सावरायला लागलंय का, नवव्याला आधाराशिवाय बसतंय का, दीड वर्षाला चालतंय का. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून धरायचं. पहिल्या वर्षात मेंदू झपाट्यानं वाढतो, म्हणून मागं पडलेल्या बाळाचा फिजिओकडचा (फिजिओथेरपीचा) व्यायाम लवकर सुरू झाला तर उपयोग जास्त, आणि जन्मतः थायरॉईड कमी असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू करावी लागते, तिथं तर थांबून चालतच नाही.

तायी कार्डासोबत (गरोदर बाईला सरकारकडनं मिळतं ते आई-बाळाचं कार्ड) ही माहिती मराठीतनं, चित्रांसकट द्या. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातनं एक दिवस तरी फिजिओ बसवा, कणकुंबीकडनं बाळ घेऊन बेळगावला जायचं म्हणजे अख्ख्या दिवसाचा रोजगार बुडतो, एकदा जातात आणि मग सोडून देतात. आणि लसीच्या दिवशी नर्सबाईंच्या हाताखाली अजून एक माणूस द्या, नाहीतर बाहेरची रांग बघून त्यांना हे करायला वेळच मिळणार नाही.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक नागरिक