‘परिसर पिंजून काढला’ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
स. न.

कोणी हरवले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास येते: ‘स्वयंसेवकांनी परिसर पिंजून काढला, मात्र ठावठिकाणा लागला नाही.’ अशी बातमी वाचूनच अनेक तरुण विचारतात की या कामात शिरायचे कसे आणि यात करिअर होते का. त्या वाक्यावर आमचा आक्षेप आहे. तो नीट मांडला तर तरुणांच्या प्रश्नाचेही उत्तर मिळेल, म्हणून हे पत्र. पिंजाऱ्याच्या धनुकलीखालून कापसाचा तंतू न् तंतू जातो. माणसांच्या ओळीखालून जमीन तशी जात नाही. किती गेली आणि किती राहिली याचा प्रामाणिक हिशेब ठेवणे म्हणजे शोधकार्य. दोर, कडे आणि हेलिकॉप्टर त्यानंतर.

एक चौरस किलोमीटर झुडपी रान घ्या. तिथे चालणाऱ्याला दोन्ही बाजू मिळून २० मीटरचा पट्टा दिसतो असे धरू. तो चौकोन एकदा झाकायला एकूण ५० किलोमीटर चाल पडते. दहा जणांच्या ओळीत प्रत्येकी ५ किलोमीटर. झुडपांतून ओळ सांभाळत जाताना ताशी एक किलोमीटर म्हणजे बरा वेग, त्यामुळे पाच तास आणि विसावा धरून अख्खा दिवस. एवढे करूनही, माणूस त्याच चौकोनात असेल तर तो दिसण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच निघते. ओळ वेडीवाकडी होते, काही पट्टे दोनदा पाहिले जातात, काही सुटतात. हे गणित दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधावर काम करताना बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने मांडले. जमिनीवरच्या शोधात ते नंतर वापरात आले. आता शेवटच्या दिसलेल्या ठिकाणाभोवती ३ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ते होते २८ चौरस किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरची चाल. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्र चौपट. दोन दिवसांत दोनशे माणसांनी ‘पिंजून काढले’ याचा अर्थ यावरून ज्याने त्याने लावावा.

तो २० मीटरचा पट्टाही डोळ्यांच्या अंदाजाने धरायचा नसतो. हरवलेल्या माणसाच्या कपड्यांच्या रंगाचे, त्याच्या आकाराचे गाठोडे जमिनीवर ठेवायचे. एकाने त्यापासून दिसेनासे होईपर्यंत लांब जायचे, ते अंतर लिहायचे. मग पुन्हा दिसेपर्यंत जवळ यायचे, तेही लिहायचे. असे आठ दिशांनी करून सरासरी काढायची. मळकट, मातकट कपड्यांसाठी पट्ट्याची रुंदी या सरासरीच्या जेमतेम १.१ पट धरतात, भडक नारिंगी जाकिटासाठी १.८ पट. अर्ध्या तासाचे काम आहे. घाईत हेच गाळले जाते आणि मग दिवसभराचा आकडा हवेत राहतो.

आता मुख्य मुद्दा. समजा एका चौकोनात माणूस असण्याची शक्यता ४० टक्के धरली होती. ६३ टक्के खात्रीने तो पाहिला, काही मिळाले नाही. म्हणून तिथली शक्यता शून्य होत नाही. नव्याने मांडले (४० पैकी सुमारे १५ उरले, बाहेरचे ६० तसेच, म्हणजे ७५ पैकी १५) तर ती २० टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे अजूनही पाचांत एक. पण पथक दमून परतले आणि नायक म्हणाला, ‘सगळे पाहिले, ९५ टक्के तरी’, तर तोच आकडा ३ टक्क्यांवर येतो. चौकोन यादीच्या तळाला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणी फिरकत नाही. खोटे कोणी मुद्दाम बोलत नाही. काट्यांनी ओरबाडलेल्या पायांना आपण सगळे पाहिले असेच वाटत असते. म्हणून परतल्यावर पाणी पिऊन लगेच कागद भरायचा: किती जण होतो, दोघांत किती अंतर होते, कुठून शिरलो, किती वाजता निघालो, ऊन डोळ्यांवर होते का, आणि कुठे जाता आले नाही. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘उत्तरेच्या कोपऱ्यातल्या दाट जाळीत शिरलो नाही, विहिरीत बॅटरी मारली पण तळ दिसला नाही’ अशी एक ओळ दुसऱ्या दिवसाची आखणी बदलते. जीपीएसचा माग उतरवून घेतलात तरी तो पाय कुठे गेले तेवढेच सांगतो, डोळे कुठे गेले ते नाही.

ओळीत चालणे सोपे वाटते, ते शिकावे लागते. कडेचा माणूस होकायंत्रावर चालतो आणि फीत बांधत जातो, बाकीचे त्याच्याकडे पाहून अंतर राखतात. मधले घसरतात, कारण झुडूप आले की माणूस वळसा घालतो आणि परत आपल्या रेषेवर येत नाही. झुडपाला वळसा घालायचा तर झुडूप आतून पाहायचे कोणी, हे आधी ठरलेले असावे. दर पंधरा-वीस पावलांना मागे वळून पाहायचे. ओंडक्याआड निजलेला माणूस पुढून दिसत नाही, मागून दिसतो. खांद्याला खांदा लावून चालण्याचा हट्ट नवख्यांना फार असतो. तेवढ्याच माणसांनी दुप्पट अंतर ठेवून आधी सगळा भाग उरकावा, मग आडव्या दिशेने दुसरी फेरी मारावी. दोन फेऱ्या मिळून खात्री तेवढीच येते, पण पहिल्या फेरीचा निकाल निम्म्या वेळात हाती लागतो. शिवाय झाडाची जी बाजू आधी दिसली नव्हती ती दुसऱ्यांदा दिसते. आणि फक्त माणूस शोधायचा नाही. माणूस एक असतो. त्याच्या खुणा शेकडो: चप्पल, कागद, मोडलेले गवत, पाऊल.

पावलाबद्दल थोडे सविस्तर, कारण हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. भर दुपारी मातीत काहीच दिसत नाही. तीच जागा रात्री पाहा: टॉर्च जमिनीलगत धरा, उजेड तिरका पडू द्या, पाऊल उजेडाच्या आणि तुमच्या मध्ये येऊ द्या. टाचेची कड सावलीतून वर उठून येते. मग काठी घ्यायची, तिच्यावर दोन रबरी कडी. एका पावलाच्या टाचेपासून पुढच्या पावलाच्या टाचेपर्यंतचे अंतर एका कड्याने आणि पावलाची लांबी दुसऱ्याने पक्की करायची. शेवटच्या स्पष्ट पावलाच्या टाचेशी काठी टेकून तिचे टोक कमानीसारखे फिरवले की पुढचे पाऊल त्या कमानीवरच कुठेतरी असते. पाहायची जागा आख्ख्या वाटेवरून वीतभर रुंदीच्या पट्टीवर येते. ते पाऊल मिळेपर्यंत पुढे सरकायचे नाही. या कामाला ताकद लागत नाही; गुडघ्यांवर बसून राहण्याची चिकाटी लागते.

ही पावले जमावाखाली तुडवली जातात, म्हणून आलेल्या प्रत्येकाला रानात सोडत नाहीत. पहिल्या तासात दोन-तीन जणांची चपळ पथके वाटा, पाणवठे, कडे, ओसाड बांधकामे पाहतात आणि वाटांच्या तिठ्यांवर माणसे बसवतात, जेणेकरून शोधाची हद्द वाढत जाऊ नये. त्याच वेळी एकाने घरच्यांशी बोलायचे: बुटाचा तळ कसा आहे, कोणते औषध चालू आहे, खिशात पैसे किती, आदल्या दिवशी काय बोलणे झाले. तोच प्रश्न तासाभराने पुन्हा विचारायचा. दुसऱ्यांदा वेगळे आठवते. मूल हरवले असेल तर घर पुन्हा पाहायचे, घरच्यांनी तीनदा पाहिले असले तरी: पलंगाखाली, कपाटात, गाडीच्या डिकीत. फोन लागत असेल तर घरातल्या एकानेच तो लावावा. वीस नातेवाइकांनी आळीपाळीने रिंग दिली की उरलेली बॅटरी संपते. सिग्नल कच्चा असतो तिथे कॉलपेक्षा साधा एसएमएस पोहोचण्याची शक्यता जास्त असते.

कोण हरवले आहे यावर कुठे पाहायचे ते ठरते. लहान मुलाला आपण हरवलो हेच कळत नाही. ते चिंचोळ्या जागेत शिरून झोपी जाते. थोडे मोठे मूल जागे असते, ऐकतेही, पण अनोळखी माणसाला उत्तर द्यायचे नाही असे शिकवलेले असल्याने गप्प राहते. विसराळूपणाच्या आजारातले वृद्ध बहुधा अडेपर्यंत चालत राहतात, आणि अडतात ते काटेरी झुडपात किंवा ओढ्याच्या घळीत, कित्येकदा रस्त्यापासून अगदी जवळ. हाकेला ‘ओ’ देत नाहीत. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असू शकते, म्हणून पाणवठे आधी. अशा मुलासाठी भोंगे आणि झगमगते दिवे लावले तर ते आणखी आत दडते. हाका मारायच्या असतील तर सर्वांनी एकदम मारायच्या आणि मग पूर्ण एक मिनिट शांतता पाळायची. ती शांतता राखणेच सर्वांना जड जाते.

श्वानाबद्दल गैरसमज खूप आहेत. वासासाठी दिलेली वस्तू फक्त त्याच माणसाने वापरलेली हवी, घरच्यांनी हाताळलेली नको. उशीचा अभ्रा किंवा मोजा, स्वच्छ पिशवी उलटी करून उचललेला. हवेतला वास घेणारे श्वान वाऱ्याला आडवे चालवतात. डोंगरउतारावर दिवसा हवा वर चढते, रात्री थंड होऊन खाली उतरते. त्यामुळे एकाच उताराचा शोध दिवसा आणि रात्री वेगळ्या बाजूने सुरू होतो. एक श्वान तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षे जातात. ड्रोनचा उष्णता टिपणारा कॅमेरा दाट पानांतून पाहू शकत नाही, आणि दुपारी तापलेले खडक त्याला माणसांसारखेच दिसतात. पहाटेची वेळ त्याला सर्वांत चांगली.

आता करिअरचे. हे काम बिनपगारी आहे, हे आधी घरी सांगावे. त्यातून अग्निशमन, रुग्णवाहिका किंवा आपत्ती व्यवस्थापनाच्या नोकरीकडे जाता येते, पण पोटापाण्याचा मार्ग म्हणून इथे येऊ नये. पहिले काही महिने प्रथमोपचार, होकायंत्र आणि कागदी नकाशा, वॉकीटॉकीवरचे बोलणे, ओळीतली चाल आणि रात्रीचे सराव यांत जातात. छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेंटिमीटर, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. मग पाच-सहा जणांच्या पथकात सदस्य, नंतर नायक, त्यानंतर कुठे नकाशाच्या टेबलावर आखणी. दोर आणि कडे हा वेगळा अभ्यास आहे, तो सर्वांनी करायची गरज नाही. पाठीवर ओझे आठ-दहा किलोंचे: तीन लिटर पाणी, दोन टॉर्च आणि त्यांचे जादा सेल, शिट्टी, पावसाळी कोट, कोरडे मोजे, वही-पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर ते चालत नाही. नोकरी करणाऱ्यांनी साहेबांशी आधीच बोलून ठेवावे, कारण बोलावणे रात्री दोनला येते आणि सकाळी कामावर पोहोचणे होत नाही.

सापडल्यावरचे प्रशिक्षणही तितकेच महत्त्वाचे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेलेल्या माणसाला उभे करायचे नाही, हातपाय चोळायचे नाहीत. आडवे ठेवून आधी अंगाखाली काही घालायचे, म्हणजे जमिनीचा गारवा लागत नाही. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात, बदलीला आणखी दोन संच, म्हणजे अठरा. खडबडीत वाटेवर एका किलोमीटरला तास-दीड तास सहज जातो. माणूस मृत असेल तर कशालाही हात लावायचा नाही. एकाने गेलेल्या वाटेनेच परतायचे, वेळ आणि ठिकाण लिहायचे, बाकीच्यांना थांबवायचे आणि पोलिसांना कळवायचे. वॉकीटॉकीवर ते आधी ठरलेल्या सांकेतिक शब्दातच बोलायचे, कारण नातेवाईक तळावर सेटजवळच उभे असतात. काही शोध काहीच न मिळता थांबवावे लागतात. त्या रात्री पथकाने घरी पांगण्याआधी तासभर एकत्र बसावे. न बसणारे सहसा वर्षभरात काम सोडतात, असे आमचे मत आहे.

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या. शोध सुरू असताना ‘नागरिकांनी शोधात सामील व्हावे’ असे छापण्याऐवजी प्रत्येकाने आपले आवार, गोठा, गच्ची, बंद खोल्या आणि उभ्या गाड्या पाहाव्यात आणि पाहिल्याचे कळवावे, असे छापावे. रानात यायचेच असेल तर आधी तळावर नाव नोंदवावे आणि निघताना पुन्हा सांगून निघावे. न सांगता घरी गेलेल्या एका स्वयंसेवकासाठी रात्री दुसरा शोध सुरू होतो. आणि माणूस सापडल्यावर त्याचे छायाचित्र व घरच्यांचा फोन क्रमांक संकेतस्थळावरून काढून टाकावा. तो क्रमांक वर्षानुवर्षे वाजत राहतो.

गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही मागे राहू नये. तळावर परतलेल्या पथकाला ‘सगळे पाहिले म्हणजे किती?’ असे विचारून उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून घेणारी माणसे कायम कमी पडतात.

आपले,
शोधकार्यातील काही स्वयंसेवक