विमान उभं राहिलं, योक अडलाय: मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

पारोळा रोडवरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये आपल्या मंडळाचं सेसना 150 आता तिन्ही चाकांवर उभं आहे, हे अमळनेरात बहुतेकांच्या कानावर गेलंच असेल. ट्रॉलीवरून पंख उतरवायला ज्यांनी खांदा दिला, रंगाचे डबे दिले, रात्री शेड राखली, त्या सगळ्यांचे आधी आभार. आता जे मागायचं आहे ते जरा वेगळं आहे. आम्हाला योक दुरुस्त करायचा आहे, म्हणजे पायलट हातात धरतो ते चाक आणि त्याच्यामागची सगळी यंत्रणा. त्यासाठी पैशांइतकेच कसबी हात लागणार आहेत.

ज्यांनी विमान अजून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेसना 150 हे दोन जणांचं शिकाऊ विमान. 1958 ते 1977 या काळात अशी 23,000 हून जास्त विमानं बनली, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही कित्येकांनी पहिले धडे यावरच गिरवले. आपल्याकडे आलेलं विमान भंगारात निघालेलं आहे, इंजिन आधीच काढलेलं. ते पुन्हा उडणार नाही. शाळेच्या पोरांनी आत बसावं, योक डावीकडे फिरवला की डाव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर आणि उजव्याचा खाली जावा, योक ओढला की शेपटीचा एलिव्हेटर (तिथली आडवी हलती फळी) वर उचलला जावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बैठकीत एकदोघांनी सुचवलं की योक आहे तसा वेल्डिंग करून टाका, पोरं बसून फोटो काढतील, झालं. आम्हाला ते पटलं नाही. सेल्फी पॉइंट गावोगावी झालेत, त्यात आणखी एकाची भर घालायला विमान कशाला हवं? गोंदूरच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उठतात, शिरपूरला धावपट्टी आहे, जळगावला विमानतळ आहे. आपल्या पोरांना आकाशात विमान दिसतं, पण ते वळतं कसं हे हात लावून कधी कळत नाही. शेडमध्ये आलेल्या एका पोराने पहिल्याच दिवशी विचारलं, "हाई इमान उडस का?" नाही म्हटल्यावर त्याने योकला हात घातला, आणि तो हलेना.

अडलंय कुठे ते सांगतो. योकची नळी समोरच्या पॅनलमधून आत जाते. तिथे तिला टेकू द्यायला एक बुश असतो, म्हणजे नळीभोवती बसणारं कडं. पॅनलच्या मागे दात्यांचं चाक आणि सायकलसारखी चेन, चेनच्या टोकाला तारेचे केबल, ते पुलींवरून वळत पंखापर्यंत. केबल आणि पुल्या आम्ही साफ केल्या, त्यांची फारशी काळजी नाही. खरं दुखणं नळीचं आणि बुशचं आहे. कोणीतरी कधीकाळी प्रेमाने तिथे ग्रीस भरलं. ग्रीसवर धूळ बसली, आणि त्या लगद्याने नळी आणि बुश दोन्ही खाल्ले. अशा जागी ग्रीस घालू नये, कोरडं वंगण वापरावं, असं जाणकार सांगतात ते उगाच नाही.

नळी सगळीकडे सारखी झिजलेली नाही, हीच पंचाईत आहे. मायक्रोमीटर लावला तर जिथे ती रोज मागेपुढे सरकली तो मधला पट्टा बारीक झालाय, दोन्ही टोकांना मूळ माप शाबूत. मधल्या मापाचा बुश बसवला तर योक पूर्ण ओढताना अडकतो. टोकाच्या मापाचा बसवला तर मध्ये खडखड वाजतो. नळी पातळ आहे, त्यामुळे नुसती लेथवर उतरवून चालणार नाही. झिजलेल्या जागी भर घालून ग्राइंड करायचं की त्याच मापाची नवी नळी करायची, हे एखाद्या मुरलेल्या टर्नरने हातात घेऊनच ठरवावं.

शिवाय नळीत कंट्रोल लॉकच्या पिनचं भोक आहे. विमान उभं असताना वाऱ्याने एलेरॉन आपटू नयेत म्हणून त्यातून पिन घालतात. इथे पिन हरवली असणार आणि मोळ्यावर भागवलं गेलं असणार, कारण भोक लांबट झालंय. ते नीट गोल करून आतून बारीक बाही बसवायची आहे.

आणि योकचं प्लॅस्टिक. डाव्या योकच्या मुठीवरच्या रेघा तळव्यांनी घासून पार गुळगुळीत झाल्यात, उजव्याच्या अजून बोटाला टोचतात. शिकणारा डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे, म्हणजे झीज कोणी केली ते उघड आहे. काचेतून येणाऱ्या उन्हाने दोन्हींना तडे गेलेत. तडे आतून भरायचे आहेत, पण तो गुळगुळीतपणा घासून घालवायचा नाही, असं मंडळाने ठरवलंय.

एक गोष्ट स्पष्ट करतो. उडणाऱ्या विमानात असं काही करता येत नाही. तिथे भाग मान्यताप्राप्तच लागतो आणि परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. आपलं विमान प्रदर्शनाचं आहे म्हणूनच गावातला लेथ चालतो. तरीही दुरुस्त केलेल्या प्रत्येक भागावर 'फक्त प्रदर्शनासाठी' असं कोरलं जाईल. उद्या हा भाग भंगारातून फिरत कुठल्या खऱ्या विमानात जाऊन बसायला नको.

तर मागणं असं. भुसावळच्या रेल्वेतून, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर आपल्या भागात घरोघरी आहेत. त्यांतल्या कोणी महिनाभर रविवारची सकाळ दिली तर अर्धं काम तिथेच होईल. जेसीबी, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक रॉडवर काम करणाऱ्यांनी नळी एकदा बघून जावी. जळगावच्या प्लॅस्टिकवाल्या भावांकडे बुशसाठी नायलॉनच्या जाड दांड्याचा वीतभर तुकडा पडून असेल तर आम्हाला सोनं आहे. एखाद्या विमान इंजिनिअरकडे मुदत संपलेला जुना योक किंवा सर्व्हिस मॅन्युअल असेल, तर निदान मापं घ्यायला तरी द्यावं, जसंच्या तसं परत करू.

पैशांचं म्हणाल तर नळी, बुश, पिन, प्लॅस्टिकचं काम आणि दोन्ही आसनांचे पट्टे धरून 46,000 रुपयांचा अंदाज आहे. त्यातले 19,500 जमा आहेत. शंभर रुपयेही चालतील. मंडळ नोंदणीकृत आहे, पावती मिळेल, पण आयकराची 80जी सवलत आपल्याकडे नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. खर्चाची बिलं शेडच्या फळ्यावर लावली जातात, कोणीही येऊन वाचावीत.

आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडं गावात असतात, मागोमाग सखाराम महाराजांची यात्रा. तेव्हा शेड पोरांसाठी उघडायची आहे. म्हणून नळीचं काम होळीपर्यंत उरकायला हवं.

शेड दर रविवारी सकाळी 9 ते 12 उघडी असते. देणगी तिथेच रोख द्यावी किंवा दारावर लावलेल्या क्यूआर कोडवर पाठवावी. व्हॉट्सअॅपवर मंडळाच्या नावाने दुसरा कुठला कोड फिरत आला तर त्यावर पैसे टाकू नयेत, आणि पावती घेतल्याशिवाय कोणाच्या हातात रक्कम देऊ नये, मग तो आमच्यातला का असेना.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी, अमळनेर