वळिवड्यापासून मागे वाच

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

व्रोत्स्वाफला राहायचं तर पोलिश लोकांचा इतिहास नीट वाचायला हवा, हे तुझं म्हणणं अगदी पटलं. फक्त सुरुवात ९६६ साली मिएश्को या राज्यकर्त्याने घेतलेल्या बाप्तिस्म्यापासून करू नकोस. राजावळी ओळीने वाचायला घेतली की नावांची गर्दी होते आणि पुस्तक अर्ध्यात मिटतं. तू वळिवड्यापासून सुरू कर आणि मागे जा.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलंच जास्त. छावणी उठल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी १९४२ साली बालाचडीला मुलांसाठी उभारलेली छावणी वेगळी. वॉर्सातला ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे तो या जामसाहेबांच्या नावाचा. बातम्यांमध्ये या दोन छावण्यांची सर्रास सरमिसळ होते, तेवढी सांभाळ.

आता स्वतःला एकच प्रश्न विचार: युद्ध १९४५ साली संपलं, तरी ही माणसं घरी का गेली नाहीत? कारण बहुतेकांची घरं आता पोलंडमध्ये उरलीच नव्हती. १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या. पूर्व भागातल्या कुटुंबांना फेब्रुवारी १९४०पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानला नेलं. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर जुलै १९४१मध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि यांची सुटका झाली. १९४२ साली जनरल आंदर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर सुमारे १ लाख १५ हजार माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला उतरली. त्यांतलीच काही पुढे आपल्याकडे आली. दरम्यान दोस्त राष्ट्रांनी याल्टाच्या परिषदेत १९४५ साली पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहू दिला आणि बदल्यात देश पश्चिमेला सरकवला.

म्हणून पुस्तकाआधी नकाशे घे. १७७१, १९१४, १९३८ आणि १९४६ असे चार, एकाच प्रमाणात, ट्रेसिंग पेपरवर. प्रत्येकावर वॉर्सा, क्राकुफ, पोझ्नान, ग्दान्स्क, व्रोत्स्वाफ, ल्वुफ (आता युक्रेनमध्ये) आणि विल्नो (आता लिथुएनियात) एवढीच सात शहरं मांड. १९१४च्या कागदावर पोलंड नावाचा देशच सापडणार नाही: वॉर्सा आणि विल्नो रशियात, क्राकुफ आणि ल्वुफ ऑस्ट्रियात, पोझ्नान आणि ग्दान्स्क जर्मनीत. तुझं व्रोत्स्वाफ पहिल्या तिन्ही कागदांवर पोलंडबाहेर आहे आणि ल्वुफ चौथ्यावर.

शहरांची नावं इथेच फसवतात. ल्वुफ, ल्विव, ल्वोव, लेम्बेर्ग हे एकच गाव. ब्रेस्लाऊ म्हणजे तुझं व्रोत्स्वाफ. वहीच्या शेवटच्या पानावर ही जोड नावं लिहून ठेव, नाहीतर ग्रंथालयाच्या सूचीत निम्मी पुस्तकं हाती लागणार नाहीत. रशियन कागदपत्रांतल्या तारखा जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेमुळे एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे असतात, म्हणून रशियाविरुद्धचा १८६३चा पोलिश उठाव कुठे २२ जानेवारीला दिसेल, कुठे १० जानेवारीला.

मग १७७२, १७९३ आणि १७९५च्या फाळण्यांवर सगळ्यात जास्त वेळ घाल. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने देश वाटून घेतला आणि १२३ वर्षं तो नकाशावर नव्हता. तिन्ही भागांतलं जगणं वेगळं होतं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात १८६०नंतर स्वायत्तता मिळाली आणि विद्यापीठात पोलिशमधून शिकता येऊ लागलं. रशियन भागात ते बंद होतं, म्हणून वॉर्सात घराघरांतून गुपचूप वर्ग भरत. मारी क्युरी, माहेरच्या स्क्वोदोव्स्का, त्यातच शिकल्या. जर्मन भागात व्झेश्न्या गावच्या मुलांनी १९०१ साली धर्माचा तास जर्मनमधून घ्यायला नकार दिला आणि मार खाल्ला. भाषा आणि चर्च या दोन गोष्टींना पोलिश माणूस एवढा का जपतो, त्याचं उत्तर या काळात आहे.

तुझ्या शहरात रात्सवावित्सेच्या लढाईचं ११४ मीटर लांब, १५ मीटर उंच गोल चित्र आहे. ते आवर्जून बघ. ४ एप्रिल १७९४ला पोलिश सेनानी कोश्चुश्कोच्या सैन्याने, त्यातल्या कोयतेधारी शेतकऱ्यांनीसुद्धा, रशियनांना हरवलं, तो प्रसंग. हे चित्र १८९४ साली ल्वुफमध्ये लावलं होतं. १९४६ साली ते गुंडाळून व्रोत्स्वाफला आलं, पण रशियनांच्या पराभवाचं चित्र तेव्हाच्या सरकारला अडचणीचं होतं, त्यामुळे लोकांना ते बघायला मिळालं थेट १९८५मध्ये. मुख्य चौकातला नाटककार फ्रेद्रोचा पुतळाही ल्वुफचाच. माणसं हलली तशी त्यांची शिल्पं-चित्रंही हलली.

आणखी एक पथ्य पाळ. केवळ कॅथलिक पोलिशांची गोष्ट सांगणारं पुस्तक अपुरं समज. १९३९पूर्वी देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं युक्रेनियन, ज्यू, बेलारूशियन, जर्मन अशी होती. युद्धात सुमारे साठ लाख पोलिश नागरिक मेले, त्यांतले अर्धे ज्यू. वॉर्सातले जर्मनांविरुद्धचे दोन उठाव एक समजू नकोस: एप्रिल १९४३चा ज्यूंच्या घेट्टोतला, आणि १ ऑगस्ट १९४४ला सुरू होऊन ६३ दिवस चाललेला अख्ख्या शहराचा. व्होलिनियात युक्रेनियन राष्ट्रवाद्यांनी १९४३ साली केलेली पोलिशांची कत्तल आणि पोलंडने युक्रेनियनांना १९४७ साली सक्तीने हलवणं, या दोन्ही गोष्टींवर पोलिश आणि युक्रेनियन अशी दोन्ही बाजूंची पुस्तकं शेजारी ठेवून वाच.

उच्चार मराठी माणसाला सोपे आहेत. नुसतं ‘सी’ म्हणजे ‘चाक’मधला च, ‘सीझेड’ म्हणजे ‘चिमणी’तला. रेघ मारलेला ‘एल’ म्हणजे व. आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर. वडीलधाऱ्यांशी ‘पान’ किंवा ‘पानी’ लावूनच बोल, एकदम नावाने नको.

२४ डिसेंबरच्या रात्री कुणी जेवायला बोलावलं तर नक्की जा. मांस नसतं, बारा पदार्थ करायची रीत आहे, अवचित येणाऱ्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. ताटात कुत्या (गहू, खसखस आणि मधाचा गोड पदार्थ) असेल तर त्या घरची मुळं बहुधा पूर्वेकडची आहेत असं समज आणि आजी-आजोबा कुठल्या गावचे ते विचार. तुला करून न्यायची असेल तर आपल्या खिरीसारखे कांडून साल काढलेले गहू एक वाटी घे, रात्रभर भिजव आणि बोटाने दाबले जाईपर्यंत शिजव. एक वाटी निळसर खसखस उकळत्या पाण्यात तासभर ठेव, पूर्ण निथळ आणि दोन-तीनदा वाट. भिजणं कमी पडलं की खसखस वाटली जात नाही, कचकच लागते. गहू निवल्यावरच खसखस, चार चमचे मध, अक्रोड आणि मनुका मिसळ. गरम असताना मिसळलंस तर सगळं पातळ होतं. रात्रभर थंड ठेवून दुसऱ्या दिवशी ने.

तुझी,
आई