त्या कच्च्या कॅसेटी भंगारात देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढात आपल्या बेळगावातल्या वडगावच्या मंगाईदेवीच्या जत्रेत एक गाणं हमखास लागतं. मी लग्न होऊन शहापुरात आले तेव्हापासून ऐकते आहे. पाळण्यांपासून खेळण्यांच्या दुकानांपर्यंत सगळ्यांना ते पाठ आहे. गाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या कंपनीनं ती कॅसेट काढली तिच्याशी इतक्या वर्षांनी भांडण उकरून काढायचं नाही. त्या कॅसेटच्या कव्हरवर गायिकेचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलं होतं. ते गाणं माझ्या मामांनी लिहिलं. चालही त्यांचीच. दिवसभर खड्डामागावर लुगडी विणायची आणि रात्री पेटी काढून बसायचं, असा त्यांचा सगळा जन्म वडगावात गेला.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांचं घर रिकामं करताना लोखंडी ट्रंकेत सात कॅसेटी सापडल्या. बॉलपेननं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एकीवर लिहिलंय, ‘जत्रेचं गाणं, बाईला काळी चार’. म्हणजे गायिकेनं कुठल्या पट्टीत गायचं तेही त्यांनी ठरवून दिलं होतं. ते स्वतः मात्र काळी एकमध्ये गायलेत.

त्या काळी काम असं चालायचं. मामांना नोटेशन लिहिता येत नव्हतं. चाल जमली की टेपरेकॉर्डरसमोर बसून गायचे, मध्येच थांबून ‘इथं ढोलकी उठू दे’, ‘इथं कोरस’ असं बोलायचे, आणि ती कॅसेट कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे. टेपरेकॉर्डर एकच, त्यामुळं कॉपी काढायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक गाणं दोनदा गायचे, एक पाठवायला आणि एक घरी ठेवायला. स्टुडिओतली माणसं अशा रेकॉर्डिंगला ‘डमी’ म्हणतात. पक्कं गाणं झालं की डमी फेकून द्यायची किंवा तिच्यावरच पुढचं गाणं भरायचं. कोल्हापूरला गेलेली एकही परत आली नाही. घरी ठेवलेल्या ह्या सात तेवढ्या वाचल्या.

मी त्यातली पहिली लावली तेव्हा आधी शेजारच्या घरातल्या यंत्रमागाचा खटखट आवाज आला. मग पेटीचा भाता, मग मामांचा खोकला, आणि मग गाणं. ते ऐकून मी खालीच बसले. तीस वर्षं ऐकलेलं गाणं मला पहिल्यांदा कळलं.

मामांच्या आवाजात त्या गाण्यातली बहीण ‘अक्का’ आहे. बाजारात आलेल्या कॅसेटमध्ये ती ‘ताई’ झाली. मामा गातात, ‘अक्का, वाट बघूलास का’. गायिका म्हणते, ‘ताई, वाट बघतेस का’. कुणी म्हणेल, एका शब्दानं काय बिघडलं? पेटीवर वाजवून बघा. ‘अक्का’मधला ‘क्क’ नेमका ढोलकीच्या थापेवर पडतो आणि गाणं तिथून उचललं जातं. ‘ताई’ म्हटलं की ती थाप रिकामी जाते, म्हणून पक्क्या गाण्यात त्या जागी बासरी भरलेली आहे. बासरी गोड आहे, मला आवडते, पण ती तिथं का आली हे मला मामांची कॅसेट ऐकल्यावर समजलं. आणि ‘बघूलास’ हे आमचं बोलणं आहे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, खानापूरकडं आम्ही घरात असंच बोलतो. अक्का आणि अण्णा तर मराठी आणि कानडी दोन्ही घरांत सारखेच. मामांनी हे गाणं ज्या गल्लीसाठी लिहिलं, तिथं आमच्या भिंतीपलीकडं कानडी बोलणारे विणकर राहायचे, आणि त्यांच्या बायकाही ते गुणगुणायच्या. रेकॉर्डिंगवाल्यांनी भाषा ‘शुद्ध’ केली आणि गाण्यातली आमची गल्ली निघून गेली. ती आता फक्त ह्या कॅसेटींत शिल्लक आहे.

माझ्या मुलानं मला अमेरिकेतल्या कॅरोल किंग ह्यांच्याबद्दल सांगितलं. साठच्या दशकात त्या नवऱ्याबरोबर, गेरी गॉफिन ह्यांच्याबरोबर, दुसऱ्यांसाठी गाणी करायच्या. गाणी गाजायची ती गाणाऱ्यांच्या नावानं. १९७१ साली ‘टॅपेस्ट्री’ हा त्यांच्या स्वतःच्या आवाजातला अल्बम आला आणि सगळं जग त्यांना ओळखू लागलं. पुढं २०१२ साली त्यांची ती जुनी डमी रेकॉर्डिंगही अल्बम म्हणून निघाली, आणि लोकांनी ती पैसे देऊन घेतली. आपल्याकडं तरी वेगळं काय झालं? १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा त्यातली गाणी वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती. नंतर बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, स्वतः कार्यक्रमांतून सगळी गाऊ लागले आणि महाराष्ट्राच्या कानात तेच बसले. ज्यानं चाल बांधली त्याच्या गळ्यात गाण्याचं काहीतरी असतं, जे दुसऱ्याला देता येत नाही. मामांचा आवाज काही बाबूजींचा नव्हे. तो सुरात आहे आणि खरा आहे, एवढं मी नक्की सांगते.

हक्काचंही सांगते, कारण हे पुष्कळांना माहीत नसतं. मामांना त्या गाण्याचे एकदाच पाचशे रुपये मिळाले आणि एका कागदावर सही घेतली गेली. पण आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो, आणि हक्क विकला तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडंच राहतो. २०१२च्या दुरुस्तीनं तर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा असा एका सहीनं काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. मामांची सही त्याच्या खूप आधीची. मला पैसे नकोत. पण गाणं कुणाचं ह्याचा पुरावा म्हणून तारीख घातलेली आणि स्वतःच्या आवाजातली कॅसेट ह्यापेक्षा भक्कम काय असणार?

म्हणून हे पत्र. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या पट्ट्यात भजनं, जत्रेची गाणी, यल्लम्माची गाणी, कलापथकांची गाणी लिहिणारी कितीतरी माणसं होऊन गेली. त्यांच्या घरात अशा कॅसेटी असणारच. कृपा करून त्या रद्दीवाल्याला देऊ नका आणि उत्साहाच्या भरात लगेच टेपरेकॉर्डरमध्येही घालू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. ती एकदा मशीनमध्ये गेली की पुढच्या कॅसेटींनाही लागते. आधी उजेडात धरून फितीच्या कडा बघा. वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. आत फितीमागं फेल्टची बारीकशी गादी असते, ती जुन्या डिंकातून सुटून पडते आणि आवाज लांबून आल्यासारखा येतो. तेव्हा गाणं गेलं असं समजू नका. खडेबाजारच्या मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी माझ्यासमोर फीत काढून स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये बसवून दिली, आणि आवाज स्वच्छ आला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठवालीपेक्षा पातळ असते, ती विशेष जपा. संगणकावर उतरवताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल करा. आणि कॅसेटच्या सुरुवातीचं-शेवटचं बोलणं, खोकणं, मागाचा आवाज कापू नका.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा इथं दरवर्षी साहित्य संमेलनं होतात. कविसंमेलन असतं, कथाकथन असतं. त्यात एक तास गावातल्या गीतकाराच्या मूळ कॅसेटी ऐकण्याला द्यावा, अशी माझी आयोजकांना विनंती आहे. त्याला मानधन लागत नाही, स्पीकर तर मांडवात असतोच. आपल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४८ पासूनच्या संस्थेनं अशा रेकॉर्डिंगसाठी एक कपाट आणि एक संगणक ठेवला, तर मामांच्या कॅसेटी मी पहिल्यांदा तिथं नेऊन देईन.

सातांपैकी सहा ऐकून झाल्या. सातवीवर बुरशी आहे आणि चिठ्ठी पुसली गेली आहे, नुसतं ‘…साठी’ एवढंच वाचता येतं. ती मी अजून लावलेली नाही. बुरशी धरलेली फीत साफ करण्याचं काम ज्यांनी स्वतः केलेलं आहे, त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा.

आपली,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव