दादाच्या दुसऱ्या रोपणाआधी

प्रिय मन्या,

तुझं पत्र काल मिळालं. दादाला बसवलेला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पुन्हा पांढरा पडला, आणि आता तुम्ही सगळे ‘लगेच दुसरा बसवा’ म्हणून मागे लागला आहात. माझं ऐकशील तर जरा थांबा.

निरोगी कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तर परक्याचा कॉर्निया शरीराच्या पटकन लक्षात येत नाही, आणि किडनीसारखी जुळवाजुळव न करताही तो टिकतो. पण दादाच्या डोळ्यात चुना गेला होता. आता कडेने लाल वाहिन्या आत शिरल्यात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांना थेट रस्ताच मिळाला. अशा डोळ्यात नवा कॉर्निया नाकारला जाण्याची भीती कितीतरी जास्त.

त्याहून वाईट म्हणजे चुन्याने बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात. त्या नसतील तर कॉर्नियाचा वरचा थर नीट भरूनच येत नाही, मग दात्याचा कॉर्निया कितीही उत्तम असो. यावर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये एक सोपी पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि भाजलेल्या डोळ्यावर पसरलेल्या, बाळंतपणातल्या वारेच्या पातळ पापुद्र्यावर चिकटवायचे. प्रयोगशाळेत पेशी वाढवायची गरजच नाही! दादाचा दुसरा डोळा धड आहे, तेव्हा हे आधी विचारा. कॉर्निया नंतर, डोळा शांत झाल्यावर.

गंमत बघ, 7 डिसेंबर 1905 ला एडुआर्ड झिर्म या नेत्रवैद्यांनी मोराव्हियातल्या (आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमोउत्स गावी कॉर्नियाचं पहिलं यशस्वी रोपण केलं, तो रुग्णही चुन्यानेच भाजलेला. दोन्ही डोळ्यांत कॉर्निया बसवला, टिकला एकच.

आता थेंबांचं. स्टेरॉइडचे थेंब ‘डोळा बरा वाटतोय’ म्हणून कमी करायचे नाहीत, पण त्यांनी डोळ्यातला दाबही वाढतो, म्हणून दर भेटीत दाब मोजून घ्या. पोटातून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली, तर रक्ताच्या तपासण्याही आल्या. वहिनींना मात्र चार गोष्टी पाठ करायला लाव: लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, दुखणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रविवार असला तरी. नाकारणं लवकर पकडलं तर पुष्कळदा थोपवता येतं.

पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि डोळ्याचे फोटो पाठव. पाहून फोन करतो.

तुझा,
विनू