दत्ता, सड्यावर तुझेच बरोबर होते

कऱ्हाड,
रविवार, रात्र

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या दोन ओळी आणि बाप्याच्या मुलीच्या लग्नात मांडवात उभ्याउभ्या झालेले बोलणे सोडले, तर दोन वर्षांत मी तुला काहीच कळवलेले नाही. आज लिहायला बसलो तेही माझ्या फॉर्च्युनरच्या शॉकअब्सॉर्बरसाठी, हे वाचून वहिनी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगू? ओंकारला गाडी उंच दिसायला हवी आहे, सुनंदाला खर्च थांबायला हवा आहे आणि आईला गाडीत चढताना कोणाचा हात धरावा लागू नये एवढेच हवे आहे. शॉक नेमके काय करतो यावरून माझ्याशी भांडलेला माणूस तू एकटाच आहेस.

आम्ही सर्व ठीक आहोत. माझी साखर ताब्यात आहे, आईचा उजवा गुडघा होता तसाच आहे.

झाले असे की मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पालशेतहून आंबे घेऊन निघालो. गाडीत पाच माणसे आणि डिकीत चौदा पेट्या. मामांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची जांभ्याची वाट तू पाहिली आहेस. तिथल्या दुसऱ्या उतारावर इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखालचा पत्रा दगडाला इतका घासला की आईने डोळे मिटून घेतले. पुढे कुंभार्ली चढेपर्यंत अंधार पडला आणि प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटू लागली. समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारत होता, आणि माझे दिवे तर लो बीमवरच होते. हेळवाकला चहासाठी थांबलो तेव्हा टॉर्च घेऊन खाली वाकलो. मागचा डावा शॉक वरपासून खालपर्यंत तेलाने ओला होता. १ लाख ७० हजार किलोमीटर त्याने काढले. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण तिथे मातीत गुडघे टेकून बसलो असताना तुझ्या वडिलांचे, दादांचे, वाक्य त्यांच्याच आवाजात आठवले : "स्प्रिंग वजन पेलते, शॉक स्प्रिंगला आवरतो." आणि मग सडावाघापूरचे पठार आठवले. त्याविषयी पुढे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाठवण्यात अर्थ नाही.

शॉक चारही बदलायचे हे ठरलेच होते. पुण्यातल्या एका दुकानात गेलो (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता). त्याने सांगितले की आता घेताच आहात तर 'ॲडजस्टेबल' घ्या, पुढची बाजू उचलून गाडी सपाट करून देतो, सगळे तेच करतात. मीही मान डोलावली. घरी येऊन दोन आठवडे वाचत आणि विचारत बसलो, तेव्हा लक्षात आले की या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि विकत घेणाऱ्याला आपण कोणती घेतली हे बहुधा ठाऊकच नसते.

एका प्रकारात शॉकचा आवरण्याचा जोर बदलता येतो. रांचोच्या आरएस ९००० मालिकेत किंवा टफ डॉगच्या ॲडजस्टेबलमध्ये बाजूला एक बटण असते, ते नऊ टप्प्यांत फिरवायचे. तेलाची वाट अरुंद होत जाते आणि शॉक कडक होत जातो. ओल्ड मॅन एमूच्या बीपी-५१ मध्ये तर दाबताना आणि सुटताना, दोन्हींचा जोर वेगवेगळा लावता येतो. पण यांतले कोणतेही बटण कितीही फिरवले तरी उभ्या गाडीची उंची एक मिलिमीटरही बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात बदलते ती स्प्रिंगची बैठक. बिल्स्टाइनच्या ५१०० मालिकेतल्या पुढच्या शॉकवर खाचा कापलेल्या असतात. ज्या खाचेत सर्क्लिप, म्हणजे अडकवायची तारेची कडी, बसवाल त्यावर बैठक टेकते आणि गाडी तेवढी उचलली जाते. काहींवर खाचांऐवजी आटे आणि फिरवायची कडी असते. इथे उंची बदलते, पण आवरण्याचा जोर कारखान्यात ठरला तोच राहतो. मला मागच्या बाजूला पहिला प्रकार हवा होता आणि पुढच्या बाजूला दुसरा, आणि मी दुकानात उभा राहून फक्त 'ॲडजस्टेबल, ॲडजस्टेबल' म्हणत होतो.

आता हिशेब पाहा. दुकानदाराचा बेत होता की शॉकच्या माथ्यावर २५ मिलिमीटरची चकती घालायची आणि शिवाय बैठक १२ मिलिमीटर वर घ्यायची. "दीड इंच होईल, जास्त नाही," असे तो म्हणाला. पण या गाडीत पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेले. शॉक लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून शॉकपाशी दिलेला एक मिलिमीटर चाकापाशी जवळजवळ दोन होऊन निघतो. त्याचे ३७ माझ्या चाकापाशी ७० च्या घरात जातात, म्हणजे पावणेतीन इंच! तेवढ्यात अप्पर आर्मचा बॉल जॉइंट टोकाला पोहोचतो, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन, घटतो, आणि हायवेवर स्टिअरिंग वळणातून आपसूक सरळ यायचे कमी होते. त्यावर वेगळे अप्पर आर्म मिळतात, पण एका चकतीसाठी आर्म बदलायचे हे मला पटेना. शिवाय माझ्या २०१३ च्या तीन लिटर फॉर्च्युनरमध्ये चारही चाकांना ओढ कायमची आहे. ज्या गाड्यांत पुढची ओढ फक्त चिखलात जोडली जाते, त्यांचे पुढचे ॲक्सल एरवी ओढीचा भार घेत नाहीत. माझे तर घरापासून भाजी मंडईपर्यंतही घेतात. त्यांना कायम तिरपे ठेवले तर त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट किती दिवस टिकतील हे मला सांगण्याची गरज तुला नाही, कारण फाटलेला बूट आपण दोघांनी एकत्र पाहिला आहे.

आता सड्याविषयी.

२००६ च्या पावसाळ्यात मी सफारीच्या टॉर्शन बारचे, म्हणजे पुढे स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट चार-चार फेरे पिळून पुढची बाजू उचलली होती आणि तुला न विचारता उचलली होती. त्यानंतर प्रत्येक खड्ड्यात पुढून 'खाड' असा आवाज येऊ लागला. मी म्हणत होतो की पिळल्यामुळे बार कडक झाला म्हणून गाडी आपटते. तू म्हणत होतास की बार पिळल्याने कडक होत नाही, त्याचा कडकपणा त्याच्या जाडीत आणि लांबीत असतो. पिळल्याने फक्त आर्म खाली ढकलला गेला आणि चाकाला खड्ड्यात उतरायला जागाच उरली नाही, म्हणून शॉक पूर्ण ताणला जाऊन टोकाला ठोकर खातो. वाघापूरच्या सड्यावर, धुक्यात, ॲक्सलचा बूट फाटलेला आणि चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेले आपण पाहिले, तेव्हा तू एवढेच म्हणालास की आधी ते फेरे सोडव. त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हणालो की ज्यांनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले त्यांच्या मुलाने मला सफारी शिकवू नये. तू पाना खाली ठेवलास आणि पावसात तारळ्यापर्यंत चालत गेलास.

आपण पुढे महिन्याभरात बोलू लागलो, तू कधी तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. दादा गेले तेव्हा मी तुझ्या शेजारी तीन दिवस होतो आणि तेव्हाही ते बोलायचे राहून गेले. दत्ता, तुझे बरोबर होते. नुसते बूट फाटण्यापुरते नव्हे. जे कारण तू सांगितलेस तेही अक्षरशः बरोबर होते. आज सर्क्लिपच्या खाचांविषयी वाचताना तेच पुन्हा समोर आले : बैठक वर घेतली म्हणून उभ्या गाडीची स्प्रिंग जास्त दाबली जात नाही, तिच्यावर वजन तेवढेच असते, चाकाची खाली उतरण्याची जागा मात्र तेवढी खर्च होते. हे तू मला अठ्ठाविसाव्या वर्षी सड्यावर उभा राहून सांगत होतास. आणि दादांविषयी मी जे बोललो त्याची मी माफी मागतो. त्यांच्याकडे मागायची होती, ती तुझ्याकडे मागतो आहे.

आता मुद्द्यावर येतो, कारण मला तुझा निर्णय हवा आहे.

मी गाडी दोनदा मोजली, एकदा रिकामी आणि एकदा पालशेतइतके वजन भरून. पेट्या संपल्या होत्या, म्हणून सिमेंटची पाच पोती आणि घरची माणसे बसवली. आईने मागच्या आसनावर बसून पूर्ण सहकार्य केले. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ उभे माप घेतले, म्हणजे टायरच्या हवेचा प्रश्न येत नाही. रिकाम्या गाडीची मागची बाजू पुढच्यापेक्षा २८ मिलिमीटर उंच आहे. वजन भरल्यावर मागची बाजू ५८ खाली बसली आणि पुढची ४ वर आली, म्हणजे मागची बाजू उलट ३४ ने खाली गेली. समोरचे लोक डिपर का मारत होते ते मला त्या रात्री कळले नव्हते, ते इथे कळले. एकूण ६२ मिलिमीटरचा फरक आणि चाकांमधले अंतर २७५०. म्हणजे गाडीचा कोन सव्वा अंशाहून जास्त बदलतो आणि ५० मीटरवर दिव्याचा झोत एक मीटरहून अधिक वर जातो. पुढची बाजू उचलून गाडी सपाट केली तर हा फरक तसूभरही कमी होत नाही. रिकाम्या गाडीचे नाक किंचित खाली असते ते मागे वजन येणार हे धरूनच, आणि मी मात्र तो दोष समजून दुरुस्त करायला निघालो होतो. खरा प्रश्न मागच्या स्प्रिंगचा आहे.

म्हणून माझा बेत असा. मागे थोड्या जास्त वजनाच्या स्प्रिंगा घालायच्या, पण फार नाही. दीडशे किलो कायम असतील असे धरून, कारण वर्षातले दहा महिने मी आणि सुनंदा दोघेच गाडीत असतो आणि फार कडक स्प्रिंगवर रिकामी गाडी मागून उडते. सोबत नऊ टप्प्यांचे शॉक, म्हणजे एरवी तिसऱ्यावर ठेवायचे आणि मे महिन्यात सहाव्या-सातव्यावर न्यायचे. पुढे खाचांचे शॉक, चकती अजिबात नाही, आणि बैठक शॉकपाशी फक्त १० मिलिमीटर वर. चाकापाशी साधारण २० मिळतील. तेवढ्यात तो जांभ्याचा दगड टळेल असा माझा अंदाज आहे. नंतर चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर, कॅस्टर, टो, पूर्ण जुळवून घ्यायचे आणि दिवेही. ओंकारने २६५/७० चे टायर सुचवले आहेत. त्याचे एक म्हणणे खरे आहे, की मागच्या डिफरन्शिअलचे हाउसिंग जमिनीपासून उचलायचे तर स्प्रिंगचा काही उपयोग नाही, मोठा टायरच लागतो. पण त्याने जेमतेम १३ मिलिमीटर मिळतात आणि स्पीडोमीटर सुमारे ३.३ टक्के कमी दाखवू लागतो, म्हणून ते सध्या बाजूला ठेवले आहे. विमा कंपनीला आधी लेखी कळवणार आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांविषयी आहे आणि तिथे शॉकचा उल्लेख नाही, तरीही कळवलेले बरे.

माझी अडचण दोन ठिकाणी आहे. पुढे एका जातीचा शॉक आणि मागे दुसऱ्या जातीचा, हे मिश्रण चालेल का? पुढचा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, उच्च दाबाच्या नायट्रोजनचा. मागचा ट्विन ट्यूब, नळीत नळी असलेला. खड्ड्यानंतर पुढची बाजू एका दमात शांत झाली आणि मागची दोनदा डुलली, तर मधल्या आसनावरच्या आईची कंबर त्या डुलण्यानेच दुखेल. दुसरे म्हणजे आईची पायरी. फूटरेस्ट आत्ताच तिला जड जाते. मी काल विटेवर फळी ठेवून वीस मिलिमीटर उंच करून पाहिले, ती चढली, पण तिने दाराचे हँडल जरा जास्त वेळ धरून ठेवले. मी तिला काही विचारले नाही. तू पाहशील तर तुला एका नजरेत कळेल, आणि वीसचे दहा कर असे तू म्हणालास तर मी दहाच करीन आणि मामांच्या वाटेवरचा तो दगड पहारीने काढून टाकीन.

तुझ्याविषयी विचारायचे राहिलेच. मुक्ताचा बारावीचा निकाल ऐकला, फार आनंद झाला. तिला अभिनंदन सांग. चिंचवडच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींच्या आईंची तब्येत आता कशी आहे? पाटणकर सर तुझी चौकशी करत होते. त्यांना अजून वाटते की खो-खोचे मैदान आखताना घोळ मी केला होता.

शॉक मी अजून मागवलेले नाहीत. गणपतीला तू येणारच आहेस, तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी ये. पहिले दोन इंच तुटलेली तुझी ती टेप मात्र आणू नकोस, मी नवी घेतली आहे. दादांचा सर्क्लिप काढायचा पक्कड तुझ्याकडे असेल तर तो आण.

तुझा,
अरविंद